बंडूला मावेल अशी गाडी

३ एप्रिल २००७, मंगळवार

पेटीत घाला म्हणे. बंडूला! रेल्वेच्या पार्सल ऑफिसातला चष्मेवाला परत परत तेच. गार्डाच्या डब्यात कुत्र्याची पेटी असते, त्यात बसवा, पावती घ्या, चला. म्हटलं, आधी पेटी दाखव. दाखवली. लोखंडी खुराडं. बंडूचं डोकं आणि पुढचे पाय आत गेले, बाकीचा बंडू फलाटावर. हमाल हसायला लागले. एक म्हणाला, अम्मा, हा कुत्रा नाही, घोडा आहे, घोड्याचं तिकीट काढा.

विचारलं, मेच्या उन्हात ह्यातून कोरेगावपर्यंत जिवंत पोचेल का? तर म्हणे, ग्यारंटी नाही. बरं झालं बाबा, खरं तरी बोललास.

हे शेजारी उभे, हाताची घडी. तोंडातून शब्द नाही. परवा रिटायर काय झाले, वाचाच गेली. मेअखेर ह्या तमिळ मुलखातलं कारखान्याचं क्वार्टर खाली करून गावी जायचं, सामान ट्रकने जाईल, आम्ही दोघं रेल्वेने जाऊ. कुत्रा कसा जाणार? विचारलं की एकच उत्तर. बघू. अख्खा जन्म ह्या बघूवर काढला मी.

संध्याकाळी सच्याचा फोन. ह्यानेच आणलं होतं ते पिल्लू, बुटाच्या खोक्यातून. आता खोकं विसरला. म्हणतो, आई, इथेच कुणाला तरी देऊन टाक. म्हटलं, तुला देऊन टाकलं का मी कुणाला?

गाडी घ्यायची. ठरलं. मी ठरवलं.

७ एप्रिल, शनि.

सच्या आला होता. इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांच्या सीटा बनवायच्या कारखान्यात आहे तो, त्यामुळे गाड्यांमधलं सगळं आपल्यालाच कळतं असं त्याला वाटतं. नव्या गाड्यांच्या शोरूमला नेलं. बंडूला आत सोडेनात, काचेसारखी फरशी. मला ते माहीतच होतं. मी बंडूची चटई गुंडाळून बरोबर नेली होती. लव्हाळ्याची, इथली, माणूस झोपतो ती. बंडू तिच्यावर आडवा झाला की नाक एका टोकाला आणि शेपटी दुसऱ्या. चटई मावली तर बंडू मावला, सोपा हिशोब.

टाय लावलेला पोऱ्या मायलेज सांगतोय, मी मागचं दार उघडून चटई पसरतेय. सच्या लाजेने लाल. "आई, लोक बघतायत." बघू देत. चटई अर्धी आत, अर्धी डिकीच्या बाहेर लोंबत. दुसरी गाडी, तेच. तिसरीत सीट आडवी केली तरी मधे उंचवटा. पोऱ्या विचारतो, मॅडम, कुटुंबात मेंबर किती? म्हटलं, तीन, त्यातला एक चार पायाचा. तो हसला. हे नाही हसले.

परत येताना सच्या म्हणाला, बाबा, काहीतरी बोला ना. हे म्हणाले, बघू.

८ एप्रिल, रवि.

ह्यांच्या कारखान्यातल्या एकाची जुनी अँबॅसिडर. मागची सीट म्हणजे दिवाण, म्हणे. बंडू चढला, वळता येईना, तसाच मागे सरकत उतरला. परत चढवला तर ओकला. मालक चिडला. मी फडक्याने पुसून दिलं आणि म्हटलं, ओकला म्हणून कळलं तरी की सीटखाली गंज आहे. आणखी चिडला.

१५ एप्रिल, रवि.

सच्याने फसवलं. समुद्रावर नेतो, बंडूला वारा लागेल म्हणून आम्हा दोघांना मित्राच्या टेम्पोतून इथल्याच कोवलमच्या पुढे नेलं. तिथे कुणा श्रीमंताची बाग, भोवती भिंत. राखणदार फाटकाशी वाट बघत उभा. म्हणजे बंडूला तिथे ठेवायचं सगळं आधीच ठरलेलं.

आत झावळ्यांचं छप्पर. खाली कुत्रे बांधलेले, एकेकाला एकेक खुंटी. भुंकले नाहीत. इतके कुत्रे आणि एकही भुंकत नाही. एक खुंटी रिकामी, साखळी मातीत पडलेली, जाड, आणि भोवती गोल चर. फिरून फिरून पडलेला. विचारलं, इथला कुठं गेला? राखणदार म्हणाला, मोठा होता, ह्याच्यासारखाच. मी परत विचारलं, गेला कुठे? त्याने समुद्राकडे बघितलं आणि साखळी उचलून बंडूच्या गळ्याशी धरून बघितली. पुरते का.

मी बंडूला घेऊन सरळ रस्त्याला लागले. मासळीच्या टोपल्या घेऊन बसची वाट बघणाऱ्या बायका बंडूला बघून बाजूला सरकल्या. सच्या मागून ओरडत आला. "आई, नुसतं बघायला आलो होतो!" मी टेम्पोत चढले, पण त्याच्याशी घरापर्यंत बोलले नाही.

हे मात्र टेम्पोत बंडूच्या शेजारी खाली बसले. गळ्यावरून हात फिरवत होते, साखळी जिथे धरली होती तिथे. उतरताना म्हणाले, मी आणतो गाडी. बघू म्हणाले नाहीत. मला वाटलं चला, माणूस जागा झाला.

२१ एप्रिल, शनि.

गाडी आली!

ह्यांनी स्वतः चालवत आणली, कुणाच्या तरी ओळखीतून. व्हॅन आहे, जुनी, पण पांढरा रंग नवा कोरा. मागचं दार उघडलं आणि मी बघतच राहिले. मागे सीटच नाहीत! सपाट, लांब, खाली जाड रबर. दोन्ही बाजूंना बसायला अरुंद फळ्या, धरायला कड्या. छताला छोटा पंखासुद्धा. पाणी ओतलं तर वाहून जायला कोपऱ्यात भोक. कुत्रा नेण्यासाठी अशी गाडी कुणी मुद्दाम केली असती तरी इतकी जमली नसती.

चटई टाकली. बरोब्बर. इकडे बोटभर नाही, तिकडे बोटभर नाही. बंडू हाक न मारता चढला, एक गोल फिरला आणि आडवा झाला. म्हटलं, कुठे मिळाली हो? हे म्हणाले, मिळाली. तू विचारू नकोस, मावतोय ना?

नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, इथल्यासारखं. भिंतीपलीकडच्या कामाक्षीला हाक मारली पेढा घ्यायला. ती आली, गाडी बघितली, आत बंडू चटईवर आडवा बघितला आणि "ऐयो" म्हणून तोंडाला पदर. पेढा घेतला नाही. उपास म्हणे. शनिवारचा कसला उपास हिचा? गाडी आली म्हणून पोटात दुखलं असेल. इतक्या वर्षांचा शेजार, मिरची माझी, चिंच तिची, आणि आज हे.

२४ एप्रिल, मंगळ.

गाडीतून भाजीला गेले. हे चालवायला, बंडू मागे. मान काय, विचारू नका! टपरीवर चहा पिणारे उठून उभे राहिले. एकाने खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला. वळणावर ट्रॅफिकवाल्याने सगळ्यांना थांबवून आधी आम्हाला सोडलं. ह्यांना म्हटलं, बघा, स्कूटरवर होतो तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं. हे पुढेच बघत होते.

एका बाईने मात्र आपल्या पोराचं तोंड फिरवून पोटाशी धरलं. बंडूला घाबरली असेल.

एक राहिलं लिहायचं. कामाक्षी रोज सकाळी दारात रांगोळी काढत असते. कुणीही निघालं की तिची ठरलेली हाक, पोयिट्टु वांग. जाऊन या. पेपरवाल्याला म्हणेल, मांजराला म्हणेल. आज आम्ही निघालो तर खाली मान घालून ठिपके देत बसली. नको बोलूस, माझं काय जातंय.

२८ एप्रिल, शनि.

बंडू आता गाडीतच राहतो. जेवण तिथे, झोप तिथे. घरात पाय टाकत नाही. दार उघडं ठेवावं लागतं.

आज त्याने रबराच्या कडेखालून काहीतरी ओढून काढलं. फुलांची माळ, वाळून चहाची पत्ती झालेली, नुसता दोरा राहिलेला. शेवंती असावी. आणि चुरमुरे. चुरमुरे कोपऱ्यात अजून आहेत, मऊ पडलेत. ह्यांना म्हटलं, आधीच्या मालकाने लग्नाकार्याला वापरलेली दिसते. हे म्हणाले, असेल. आणि माळ घेऊन गेले. मी टाकते म्हटलं तर नाही, स्वतः गेले, पार विहिरीपर्यंत.

आणखी एक नवीन खूळ. बाहेरून आले की आधी मागच्या नळावर आंघोळ, कपड्यासकट. मग घरात. विचारलं तर, कुत्र्याचा वास येतो म्हणून. इतकी वर्षं नाही आला?

आणि जाताना 'येतो' म्हणत नाहीत. कालपासून, की त्याआधीपासून? लग्न झाल्यापासून हा माणूस उंबऱ्यावरून 'येतो गं' म्हटल्याशिवाय कामावर गेला नाही. भांडण झालं असलं तरी. आता चपला घालतात आणि जातात.

२ मे, बुध.

सकाळी बंडू गाडीतून आपण होऊन उतरला. मी म्हटलं, बरं झालं, कंटाळला. फाटकाशी जाऊन उभा राहिला, शेपटी खाली. थोड्या वेळाने एक माणूस आला. केस विस्कटलेले, पायात काही नाही. हात जोडून ह्यांना काहीतरी म्हणाला, इतकं हळू की मला ऐकू आलं नाही. तमिळ मला वाचता येत नाही, पण कानावर पडलं तर सगळं कळतं.

ह्यांनी आत येऊन किल्ली घेतली. बंडूची चटई गुंडाळून व्हरांड्यात ठेवली. मी विचारलं, कोण होता? सामान आहे कुणाचं तरी, पोचवायचं आहे. एवढंच. गेले. दुपारभर पत्ता नाही. आले ते नळावर. नळ किती वेळ चालू.

मग त्यांनी चटई परत अंथरली. मगच बंडू चढला.

आपली गाडी घरच्यासाठी घेतलेली, लोकांची सामानं कशाला वाहायची? बोलले मी. ऐकलं त्यांनी, पण कानात गेलं नाही.

५ मे, शनि.

घडलं तसं लिहिते.

मैलापूरचे गोविंदराव आले होते आमचं लोखंडी कपाट बघायला. तंजावरकडचे जुने मराठी, गणपतीतली ओळख. त्यांचं मराठी म्हणजे पोथी बोलते आहे असं वाटतं, मधे मधे तमिळ. फाटकातून आत आले, गाडी दिसली आणि तिथेच थांबले. चपला काढल्या. गाडीला हात जोडले. मला हसू आलं. म्हटलं, रावसाहेब, कुत्र्याची गाडी आहे ती, देव नाही.

ते म्हणाले, "बाई, तुम्हांस ठाऊक नाहीं कां?"

काय?

"ही वण्डी माझे थोरले भावास घेऊन गेली. ते फळीवरी मीच बसलों होतों. डोईपाशी."

मला आधी कळेचना. कुठे घेऊन गेली? त्यांनी मान हलवली, मग माझा हात न धरता, लांबूनच, गाडीच्या कडेला बोलावलं. ऊन तिरपं पडलं होतं. पांढऱ्या रंगाखाली अक्षरं फुगून आलेली, मोठी मोठी. मी रोज तिथे हात टेकून बंडूला हाक मारते. त्यांनी बोट न लावता वाचून दाखवलं. मढी न्यायची गाडी. अमक्या वॉर्डापासून तमक्या वॉर्डापर्यंत सगळ्यांच्या ओळखीची.

"कोणी सांगितलें कसें नाहीं?" मी विचारायच्या आधी तेच म्हणाले. "सर्वांस वाटलें, तुम्हांस ठाऊक असूनच घेतली. पुण्याचें काम, अम्मा. कोण बोलेल?"

चहा ठेवला होता तो उतू गेला. त्यांनी घेतला नाही. कपाटही बघितलं नाही. जाताना काही म्हणालेही नाहीत, नुसती मान लववली.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. मढं असलेल्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. आमच्यातही नाही, त्यांच्यातही नाही. कामाक्षी रांगोळीत मान खाली घालते ती म्हणून. आणि हे...

६ मे, रवि.

काल हे नळावरून आत आले तसं तोंडावर विचारलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मला सांगायचं नाही?"

"तू चटई घेऊन हिंडत होतीस. मावेल अशी दुसरी कुठे मिळाली का? माणूस आडवा मावेल अशी गाडी एकच असते."

चटई दुसरीकडे कुठेच मावली नव्हती. खरंच होतं ते. मी मढ्याला भीत नाही. सासूबाईंना मीच आंघोळ घातली होती, बाकीच्या बायका दारात उभ्या होत्या. मेलेली माणसं आडवी गेली तशी माझा बंडूही आडवा जाईल, काय बिघडलं? धुऊन घेतली की झालं. मी तेवढ्यावर मिटवायला तयार होते. पण म्हटलं, बुधवारी गेलात ते काय?

तर म्हणाले, त्या माणसाची आई. दुसरी गाडी मिळेना, जिना अरुंद, उन्हाचं किती वेळ ठेवणार? त्याला हीच गाडी माहीत. तो शोधत दारात आला. "घरात मढं आणि माझ्या दारात गाडी. नाही कसं म्हणू?"

म्हटलं, 'नाही' असं म्हणायचं. दोन अक्षरं आहेत.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी परकी बाई.

१० मे, गुरु.

बंडू उतरला. आंघोळ करता करता खिडकीतून बघितलं. फाटकाशी गेला, शेपटी खाली. आणि रिक्षातून दोघं जण उतरले.

हे म्हणतात, उन्हाने पत्रा तापतो म्हणून उतरतो. पत्रा काय रोज तापत नाही? रोज नाही उतरत तो. मी असलं काही मानत नाही. अंगारे धुपारे माझ्या घरात कधी आले नाहीत. पण हा कुत्रा जागा करून देतो. कुणी यायच्या आधी.

१३ मे, रवि.

सच्या आला. त्याला सांगितलं. आधी हसला, मग बापाकडे बघून थांबला. "बाबा, ही गाडी परत कोणी घेणार पण नाही. सीटा आणून बसवतो, रंग मारतो, बोर्ड लावतो मराठीत, लगेच निघा." ह्यांनी भाकरी मोडून बंडूला घातली. सच्या म्हणाला, ऐकताय का? तर हे म्हणाले, "सीटा नकोत."

मग आपण होऊन बोलले. इतकं बोलताना मी ह्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. "नोकरीभर रणगाड्यांना पट्टे बसवले. माझ्या हातून गेलेल्या गाडीला कधी कोणी हात जोडले नाहीत. आता रस्त्याने जातो तर लोक उभे राहतात."

सच्या म्हणाला, "तुमच्यासाठी नाही उभे राहत, बाबा."

हे म्हणाले, "माहीत आहे मला."

कुणीच जेवलं नाही नीट.

१९ मे, शनि.

आज मी गेले. मीच.

सकाळी बंडू उतरला. थोड्या वेळाने फुलवालीचा जावई. ती मीनाक्षी, कोपऱ्यावर बसायची, दर शुक्रवारी माझा गजरा बाजूला ठेवायची, मी घासाघीस केली की म्हणायची, मराठी अम्मा, देवाशी पण भांडशील तू. कालच तर दिसली होती. बसल्या बसल्या गेली, मांडीवर अर्धा ओवलेला हार.

मी पदर खोचला आणि पुढच्या सीटवर बसले. ह्यांनी गाडी सुरू केली. तिथे गेलो, बायकांनी वाट दिली. उचलायला चार पुरुष, पण पायरीशी डोकं आपटेल म्हणून ह्यांनी मधे आपला तळहात धरला. आईने पोराच्या डोक्याशी धरावा तसा. ते मी बघितलं. खोटं का लिहू, तेव्हा मला ह्यांचा अभिमान वाटला.

सुकलेली फुलं, ताजी फुलं, चुरमुरे रस्ताभर. ढोल पुढे. ह्यांचा चेहरा आरशात दिसत होता. शांत. कोरेगावच्या घराची पायाभरणी झाली त्या दिवशी होता तसा. त्याचीच मला भीती वाटली. मागे मढं होतं, त्याची नाही वाटली.

परत येऊन दोघांनी नळावर आंघोळ केली, एकामागून एक. व्हरांड्यातली चटई मी अंथरली. बंडूने माझा हात हुंगला, खूप वेळ. मग चढला.

२३ मे, बुध.

सामान बांधतेय. भांडी पोत्यात, देव डब्यात. ट्रक गुरुवारी ३१ ला सकाळी. कामाक्षी मदतीला आली, रडली. म्हटलं, माझ्या गाडीने तुझं पोट दुखलं असं वाटून मी तुला शिव्या घातल्या मनात. म्हणाली, मला वाटलं तुम्ही फार मोठ्या मनाची माणसं, मला धीर नव्हता जवळ यायचा. मग दोघी हसलो. मग ती एकदम म्हणाली, अय्यांना, म्हणजे ह्यांना, आता लोक नावाने ओळखतात. पार पलीकडच्या वॉर्डातून विचारत येतात. सगळे म्हणतात, ते कुठे जाणार नाहीत.

म्हटलं, कोण सगळे?

ती भांडं पुसत राहिली.

२६ मे, शनि.

जेवताना हे म्हणाले, "तू ट्रकबरोबर पुढे हो. सच्या सोडायला येईल. मी बंडूला घेऊन मागून येतो, गाडीने."

कधी?

"बघू."

म्हटलं, क्वार्टर तर गुरुवारी जाणार, राहणार कुठे? तर गाडीच्या आधीच्या मालकाची खोली आहे स्मशानाच्या रस्त्याला, रिकामीच आहे. विचारलं, तो गेला कुठे?

बोटाने ताटात रेघोट्या.

परत विचारलं. "गेला," म्हणाले. "ह्याच गाडीतून गेला. चालवून चालवून दमला होता. मुलाला चालवायची नव्हती."

म्हणजे ओळखीतून मिळाली ती अशी. मी ताट बाजूला सारलं. बंडूसाठी गाडी शोधत होते मी. गाडी ह्यांना शोधत होती की काय? छे. असलं लिहू नये. लिहिलं गेलं.

२८ मे, सोम.

सकाळी बंडू उतरला.

मी हातातलं टाकून व्हरांड्यात येऊन उभी राहिले. फाटकाशी गेला, शेपटी खाली. मी रस्त्याकडे बघत बसले. पेपरवाला गेला. कीरैवाली, पालेभाजी विकणारी, तीही गेली. शाळेला सुट्टी, पोरं चिंचा पाडत होती. कुणी आलं नाही. दहा वाजून गेले तरी कोणी नाही. हेही बाहेर येऊन वाट बघत होते, किल्ली हातात. मला म्हणाले, आज बहुतेक उन्हानेच.

मग बंडू फाटकाशी न थांबता वळला. व्हरांड्यात आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पायऱ्या चढला आणि ह्यांच्या चपलांवर आडवा झाला. अंग टाकून. उठेना. हाक मारली, भाकरी दाखवली, उठेना. ह्यांनी त्याच्या पोटाखालून चपला ओढून काढल्या, हसले, म्हणाले, वेडा आहे. मी हसले नाही.

"जरा तेल-पाणी बघून घेतो गाडीचं," म्हणाले आणि निघाले. पायरीवर थांबले. मला वाटलं आता म्हणतील. नाही म्हणाले.

गाडीत चटई तशीच अंथरलेली होती. बंडूची. मी ओरडले, चटई काढा! ऐकू गेलं नाही. की गेलं.

दुपार झाली. आले नाहीत अजून. बंडू उन्हाकडे तोंड करून बसलाय, मी लिहितेय. आल्यावर काय बोलायचं ते आधी लिहून घेते, नाहीतर रागात निम्मं विसरते मी आणि हे बघू म्हणून सुटतात.

तर ऐका. गाडी मी मागितली होती, कुत्र्यासाठी. मी तुमच्या पुण्याला आडवी येत नाही, मीनाक्षीच्या डोक्याशी धरलेला हात मी पाहिलाय. पण ती गाडी ज्याला लागेल त्याला देऊन टाका, किल्लीसकट, आणि माझ्याबरोबर ट्रकमधे बसा. बंडूला मी मांडीवर घेईन, चारी पाय ड्रायव्हरच्या अंगावर गेले तरी चालेल. नाहीतर सांगा की नाही येत. मग मी पण ट्रक परत पाठवते आणि त्या स्मशानाच्या रस्त्यावरच्या खोलीत चूल मांडते, कारण तुम्हाला तिथे एकटं ठेवून मी कोरेगावला झोपणार नाही. दोन्हींतलं एक. बघू नाही. ट्रकवाल्याला बुधवारी संध्याकाळी कळवायचं आहे, तेव्हा बुधवारी दिवे लागायच्या आत मला उत्तर पाहिजे. आणि ते काहीही असो, बुधवारपर्यंत ह्या घरातून पाय बाहेर टाकाल तेव्हा आधी उंबऱ्यावर उभे राहून मला ऐकू येईल असं म्हणा, येतो.